कंपनावरून बेअरिंगचा बिघाड कसा ओळखायचा: मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

बेअरिंगचा आवाज कानाला कळतो, हाउसिंग हाताला गरम लागतं, तोवर बराच उशीर झालेला असतो. रेसवर (बॉल जिच्यावरून धावतात त्या रिंगवर) पहिला पापुद्रा सुटल्यापासून तिथपर्यंत अनेकदा कित्येक आठवडे जातात, आणि त्या काळात बेअरिंग कंपनातून सगळं सांगत असतं. ते ऐकण्याची पद्धत अवघड नाही. पण तिचा क्रम चुकला की चांगली बेअरिंग्ज उगाच निघतात आणि खराब तशीच चालत राहतात. हा लेख मोटर, पंप, ब्लोअर, पंखे अशा साधारण ६०० ते ३००० आरपीएमच्या, एकसारख्या गतीने चालणाऱ्या मशीनसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: १४४० आरपीएमवर चालणारी २ एचपीची मोटर, ड्राइव्ह बाजूला ६२०५ बेअरिंग.

१. आधी काय गोळा करायचं

मशीनजवळ जाण्याआधी हे कागद हातात असू द्या:

- मोटरच्या नेमप्लेटचा फोटो: एचपी, आरपीएम, फ्रेम, दोन्ही बाजूंचे बेअरिंग नंबर
- पंप किंवा पंख्याचं ड्रॉइंग किंवा मॅन्युअल, बेअरिंग नंबरसह
- बेअरिंग शेवटचं कधी बदललं, कोणत्या कंपनीचं बसवलं, ग्रीस कोणतं आणि कधी भरलं
- आधीची रीडिंग्ज, असतील तशी
- पुलीचे व्यास, गिअरचे दाते, पंपाच्या इम्पेलरच्या पात्यांची संख्या

अवजारं: एन्व्हलप, म्हणजे डीमॉड्युलेशन (पाचव्या भागात समजावलं आहे), करू शकणारा व्हायब्रेशन अ‍ॅनालायझर, १०० मिलिव्होल्ट प्रति जी क्षमतेचा अ‍ॅक्सेलरोमीटर, चुंबक, टॅकोमीटर किंवा स्ट्रोबोस्कोप, इन्फ्रारेड थर्मामीटर, पॉलिश पेपर आणि पेंट मार्कर.

मोबाइलच्या अ‍ॅपवर हे काम होत नाही. बहुतेक फोनमधला सेन्सर सेकंदाला काहीशे नमुनेच घेतो. अनबॅलन्सचा अंदाज त्यावरून येईल, पण बेअरिंगची सुरुवातीची लक्षणं हजारो हर्ट्झवर असतात आणि ती त्याला दिसतच नाहीत. स्वस्त वायरलेस सेन्सर घेतानाही तो किती हर्ट्झपर्यंत मोजतो, हे पहिल्यांदा विचारा. १००० हर्ट्झवर थांबणारा सेन्सर बेअरिंगची बातमी फार उशिरा देतो.

२. बेअरिंगच्या चार फ्रिक्वेन्सी काढा

बेअरिंगमध्ये चार ठिकाणी बिघाड होऊ शकतो: आउटर रेस, इनर रेस, बॉल किंवा रोलर, आणि केज, म्हणजे बॉल सारख्या अंतरावर धरणारी जाळी. प्रत्येक ठिकाणच्या खड्ड्यावरून बॉल ठरावीक वेळाने जातो आणि दर वेळी एक बारीक ठोका बसतो. सेकंदाला किती ठोके, ही त्या बिघाडाची फ्रिक्वेन्सी. ती काढायला बॉलची संख्या (न), बॉलचा व्यास (ब), पिच व्यास, म्हणजे बॉलच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास (प) आणि शाफ्टची गती हर्ट्झमध्ये (स) लागते. डीप ग्रूव्ह बेअरिंगसाठी सूत्रं अशी:

- आउटर रेस, बीपीएफओ = (न ÷ २) × स × (१ − ब/प)
- इनर रेस, बीपीएफआय = (न ÷ २) × स × (१ + ब/प)
- केज, एफटीएफ = (स ÷ २) × (१ − ब/प)
- बॉलचं स्वतःभोवती फिरणं, बीएसएफ = (प ÷ २ब) × स × (१ − (ब/प)²)

अँग्युलर काँटॅक्ट किंवा टेपर रोलर असेल तर सूत्रात जिथे जिथे ब/प आहे, तिथे ते काँटॅक्ट कोनाच्या कोसाइनने गुणावं लागतं.

६२०५ मध्ये ९ बॉल असतात, बॉलचा व्यास ७.९४ मिमी आणि पिच व्यास सुमारे ३९.०४ मिमी. १४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्झ. यावरून:

- बीपीएफओ = ३.५८५ × २४ = ८६.० हर्ट्झ
- बीपीएफआय = ५.४१५ × २४ = १३०.० हर्ट्झ
- एफटीएफ = ०.३९८ × २४ = ९.६ हर्ट्झ
- बीएसएफ = २.३५७ × २४ = ५६.६ हर्ट्झ, बॉलवरचा खड्डा एका फेरीत दोन्ही रेसवर आपटतो, म्हणून ११३.१ हर्ट्झही पाहायचं

हिशेब बरोबर आहे का ते तपासायला सोपी खूण आहे. बीपीएफओ आणि बीपीएफआय यांची बेरीज नेहमी बॉलची संख्या गुणिले गती एवढी येते. इथे ८६ + १३० = २१६ = ९ × २४. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी आकडा चुकला आहे. मापं मिळालीच नाहीत तर ०.४ × न × स हा आउटरचा आणि ०.६ × न × स हा इनरचा अंदाज धरून काम सुरू करता येतं. ६२०५ साठी तो ८६.४ आणि १२९.६ येतो, म्हणजे खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळ.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, नेमप्लेटची गती. नेमप्लेटवर पूर्ण लोडची गती असते आणि मोटर त्या क्षणी वेगळ्या लोडवर चालत असते, म्हणून गती टॅकोने मोजा. व्हीएफडी (मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह) असेल तर रीडिंग चालू असताना गती बदलत नाही ना, तेही पाहा. दुसरं, बेअरिंगची कंपनी. नंबर तोच असला तरी कंपनी बदलली की काही बेअरिंग्जमध्ये बॉलची संख्या किंवा व्यास बदलतो, कारण नंबर ठरवतो तो बोअर, बाहेरचा व्यास आणि रुंदी. आतली रचना ज्याची त्याची. म्हणून बेअरिंग बदलताना नंबरसोबत कंपनीचं नावही रजिस्टरमध्ये लिहायची सवय सगळ्या फिटरना लावा.

३. सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा

माझ्या मते निम्मं निदान इथेच ठरतं. बेअरिंगचा ठोका फार बारीक असतो. हाउसिंगचा प्रत्येक जोड, प्रत्येक गॅस्केट, रंगाचा प्रत्येक थर तो थोडाथोडा खातो. सेन्सर बेअरिंगच्या शक्य तितक्या जवळ हवा, आणि बेअरिंगपासून त्याच्यापर्यंतचा रस्ता सलग धातूचा हवा. मोटरच्या मागच्या बाजूला पत्र्याचं फॅन कव्हर असतं. त्यावर घेतलेलं रीडिंग पत्र्याचं असतं, बेअरिंगचं नव्हे. कूलिंग फिन्सवर, गार्डवर, टर्मिनल बॉक्सवरही सेन्सर लावायचा नाही. एंड शील्डचा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मोटरच्या टोकाच्या झाकणाचा, जाड भाग शोधा.

प्रत्येक बेअरिंगवर हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल अशी दोन रीडिंग्ज घ्या, आणि मोटर व पंप प्रत्येकाच्या निदान एका बेअरिंगवर अ‍ॅक्सियल घ्या. आउटर रेसचा खड्डा बहुधा लोड झोनमध्ये, म्हणजे भार पेलणाऱ्या भागात, पडतो. कपलिंगवर चालणाऱ्या आडव्या मशीनमध्ये लोड झोन साधारणपणे खाली असतो. बेल्टवर चालणाऱ्या मशीनमध्ये तो बेल्ट ज्या दिशेला ओढतो त्या बाजूला असतो. एन्व्हलपचं रीडिंग त्या बाजूने घेतलं तर ठोका सगळ्यात स्पष्ट येतो.

सेन्सर कसा धरला आहे यावर तो किती वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत विश्वासाने मोजेल हे ठरतं. हातात धरलेल्या प्रोबचा भरवसा ५०० ते १००० हर्ट्झपर्यंतच. दोन ध्रुवांचा चुंबक वक्र हाउसिंगवर लावला तर साधारण २००० हर्ट्झपर्यंत. घासून सपाट केलेल्या जागेवर सपाट चुंबक याच्या बराच वर जातो, आणि स्टडने बसवलेला सेन्सर १० किलोहर्ट्झच्या पुढेही चालतो. म्हणून महत्त्वाच्या मशीनवर एकदाच वेळ काढून बेअरिंगजवळ स्टीलची छोटी चकती इपॉक्सीने चिकटवून घ्या. चकती चिकटवण्यापूर्वी तिथला रंग पूर्ण काढा.

चुंबक लावताना तो सरळ सोडू नका. तो खटकन बसतो आणि त्या धक्क्याने सेन्सरला इजा होऊ शकते. एक कड आधी टेकवा, मग हळूच उलटवत बसवा. बसल्यावर डुलतो का ते बोटाने पाहा. डुलत असेल तर जागा पुसा, घासा, ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. मग सेन्सर स्थिर व्हायला काही सेकंद थांबून रीडिंग सुरू करा. जागेभोवती मार्करने गोल काढून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात दुसरा माणूस दोन इंच बाजूला सेन्सर लावेल आणि आकडा ‘वाढला’ म्हणून धावपळ होईल.

सुरक्षेची गोष्ट: कपलिंग किंवा बेल्टचा गार्ड काढून रीडिंग घ्यायचं नाही, कितीही घाई असली तरी. सेन्सरची केबल फिरत्या भागापासून लांब ठेवा. सैल बाही, ओढणी, गळ्यातलं आयकार्ड काढून ठेवा. स्ट्रोबच्या प्रकाशात फिरता शाफ्ट थांबल्यासारखा दिसतो. तिथे हात नेण्याचा मोह जीवघेणा ठरतो.

४. मिमी प्रति सेकंदाच्या आकड्यावर बेअरिंग पास करू नका

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. रीडिंग १.२ मिमी प्रति सेकंद आलं, आयएसओच्या तक्त्यात ते बसतं, म्हणून ‘बेअरिंग ओके’ असा शेरा पडतो.

आयएसओ १०८१६ च्या पहिल्या भागात १५ किलोवॅटपर्यंतच्या छोट्या मशीनसाठी कंपनाच्या आरएमएस वेगाच्या हद्दी ०.७१, १.८ आणि ४.५ मिमी प्रति सेकंद अशा दिल्या होत्या. त्या मालिकेची जागा आता २०८१६ घेते आहे. हा तक्ता उपयोगाचा आहे, पण तो संपूर्ण मशीनच्या कंपनाबद्दल बोलतो: अनबॅलन्स, मिसअलाइनमेंट, ढिले बोल्ट. बहुतेक मीटर हा आकडा १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजतात. बेअरिंगचं सुरुवातीचं दुखणं त्या पट्ट्याच्या वर असतं.

एक छोटा हिशेब करून पाहा. २००० हर्ट्झवर ०.५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्मं) इतकं त्वरण आहे, म्हणजे बेअरिंगसाठी काळजी करण्यासारखं. वेगात त्याचं रूपांतर करा: ०.५ × ९८१० ÷ (२ × ३.१४१६ × २०००) = सुमारे ०.३९ मिमी प्रति सेकंद. याउलट २४ हर्ट्झवर नुसत्या १ मिमी प्रति सेकंद अनबॅलन्सचं त्वरण फक्त ०.०१५ जी भरतं. वेगाच्या आलेखात अनबॅलन्स उठून दिसतो आणि बेअरिंग तळाशी दडून राहतं. त्वरणात चित्र उलटं होतं. म्हणून बेअरिंगसाठी वेग, त्वरण आणि एन्व्हलप ही तिन्ही रीडिंग्ज घ्यायची.

५. अ‍ॅनालायझरची सेटिंग

स्पेक्ट्रम म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख, टाइम वेव्हफॉर्म म्हणजे वेळेनुसार कंपन दाखवणारा आलेख. आपल्या मोटरसाठी सुरुवातीला हे ठेवा:

- वेगाचा स्पेक्ट्रम: १००० हर्ट्झपर्यंत, ३२०० लाइन्स, हॅनिंग विंडो, ४ अ‍ॅव्हरेज
- त्वरणाचा स्पेक्ट्रम: १० किलोहर्ट्झपर्यंत, ३२०० लाइन्स
- एन्व्हलप स्पेक्ट्रम: ५०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ फिल्टर, दाखवायची कमाल फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ, १६०० लाइन्स
- टाइम वेव्हफॉर्म: त्वरणात, निदान एक सेकंद

लाइन्सवर कंजुषी करू नका. कमाल फ्रिक्वेन्सी भागिले लाइन्स म्हणजे दोन रेषांमधलं अंतर. १००० हर्ट्झला ४०० लाइन्स ठेवल्या तर ते २.५ हर्ट्झ येतं, आणि हॅनिंग विंडोमुळे खरी विभागणी त्याहून जाडी होते. आता आपलं उदाहरण पाहा: बीपीएफओची तिसरी पट २५८ हर्ट्झ आणि बीपीएफआयची दुसरी पट २६० हर्ट्झ. ४०० लाइन्सवर या दोन्ही एकाच शिखरात मिसळतील आणि कुठली रेस गेली ते सांगता येणार नाही. तसंच गतीची चौथी पट ९६ हर्ट्झ आणि आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ. तीही वेगळी दिसत नाहीत. ३२०० लाइन्सवर अंतर ०.३१ हर्ट्झ होतं आणि गुंता सुटतो. त्यासाठी एका नमुन्याला ३.२ सेकंद लागतात, एवढीच किंमत.

एन्व्हलप नेमकं काय करतं? प्रत्येक ठोक्याने हाउसिंग आणि बेअरिंगच्या रिंग त्यांच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर क्षणभर घुमतात. फिल्टर अनबॅलन्स वगैरे खालचं सगळं काढून टाकतो, उरलेल्या घुमण्याची फक्त बाह्यरेषा घेतो आणि ती सेकंदाला किती वेळा उसळते ते मोजतो. म्हणून हजारो हर्ट्झवरचा ठोका एन्व्हलपमध्ये ८६ हर्ट्झवर दिसतो. गिअरबॉक्स असेल तर फिल्टरची खालची हद्द गिअर मेशच्या फ्रिक्वेन्सीच्या (दाते गुणिले गती) वर ठेवा.

एन्व्हलपचा आकडा एका कंपनीच्या मीटरवरून दुसऱ्या कंपनीच्या मीटरशी ताडून पाहू नका. फिल्टर आणि मोजण्याची रीत वेगळी असते, त्यामुळे तुलना अर्थहीन होते. त्याच मीटरने, त्याच सेटिंगने, त्याच जागी घेतलेल्या आधीच्या रीडिंगशीच ताडा.

६. स्पेक्ट्रम वाचणं

आधी रीडिंग धड आहे का ते पाहा. डाव्या टोकाला शून्याजवळ उंचावरून उतरणारा मोठा उतार दिसला तर सेन्सर हलला, केबल सैल होती किंवा सेन्सर स्थिर व्हायच्या आत रीडिंग सुरू झालं. ते पुसून पुन्हा घ्या.

मग २४ हर्ट्झ आणि त्याच्या पटी शोधून बाजूला काढा. विजेचे १०० हर्ट्झ, पंप असेल तर पाती गुणिले गती, हेही बाजूला काढा. आता जे शिखर गतीच्या पूर्णांक पटीत बसत नाही, ते बेअरिंगचं असण्याचा संशय धरा. ८६ म्हणजे गतीच्या ३.५८५ पट, १३० म्हणजे ५.४१५ पट. या अपूर्णांकामुळेच बेअरिंग इतरांपासून वेगळं ओळखू येतं.

अ‍ॅनालायझरच्या लायब्ररीतून बेअरिंग निवडलं की तो आलेखावर रेषा आखून देतो. त्या रेषा लावण्याआधी शिखरं स्वतः मोजून कागदावर लिहा. आधी रेषा लावल्या की जवळपासचं कुठलंही शिखर जुळल्यासारखं वाटायला लागतं.

आउटर रेस. ८६, १७२, २५८ अशी शिखरांची ओळ, साइडबँड (मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरची छोटी शिखरं) नाहीत किंवा अगदी थोडे. कारण आउटर रेस स्थिर आहे, खड्डा लोड झोनमध्ये एकाच जागी आहे आणि प्रत्येक ठोका सारख्याच जोराने बसतो. टाइम वेव्हफॉर्ममध्ये दर ११.६ मिलिसेकंदाला एक ठोका दिसला पाहिजे. हे जुळलं की निदान पक्कं धरायला हरकत नाही.

इनर रेस. १३०, २६० आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना २४ हर्ट्झ अंतरावर साइडबँड: १०६ आणि १५४, २३६ आणि २८४. खड्डा शाफ्टबरोबर फिरतो. लोड झोनमध्ये आला की ठोका जोरात, बाहेर गेला की हळू. हा चढउतार दर फेरीला एकदा होतो, म्हणून साइडबँड गतीच्या अंतराने येतात. इनर रेसचा ठोका बॉल आणि आउटर रेस ओलांडून सेन्सरपर्यंत येतो, त्यामुळे शिखराची उंची आउटरपेक्षा कमी दिसते. कमी दिसतं म्हणून कमी गंभीर समजू नका.

बॉल किंवा रोलर. ५६.६ आणि बहुधा त्याहून ठळक ११३.१, बाजूला ९.६ हर्ट्झचे, म्हणजे केजच्या फ्रिक्वेन्सीचे साइडबँड. हे रीडिंग दर वेळी सारखं येत नाही, कारण बॉल फिरता फिरता आपला अक्ष बदलतो आणि खड्डा कधी रेसवर येतो, कधी येत नाही. एका रीडिंगवर भागवू नका. थोड्या थोड्या अंतराने तीन-चार घ्या.

केज. ९.६ आणि त्याच्या पटी. एकटी केज गेलेली क्वचित दिसते. सहसा ग्रीस कमी पडल्याची ती खूण असते.

मोजलेलं शिखर हिशेबापेक्षा एक-दोन टक्के इकडेतिकडे असेल तर बिचकू नका. बॉल थोडे घसरतात आणि काँटॅक्ट कोनही थोडा बदलतो. पण फरक पाच टक्क्यांवर गेला तर बेअरिंगचा नंबर किंवा गती चुकली आहे, असं धरून दुसऱ्या पायरीवर परत या.

आणि एक: बाहेरची रिंग फिरते आणि शाफ्ट स्थिर असतो अशी मशीन असेल, उदाहरणार्थ कन्व्हेअरचा आयडलर, तर साइडबँडचा वरचा नियम उलटतो. तिथे साइडबँड आउटर रेसच्या शिखराभोवती येतात.

७. बिघाड किती पुढे गेला आहे

पहिल्या टप्प्यात फक्त अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा आकडा वाढतो. वेगात काहीच नाही, आणि बेअरिंग काढून पाहिलं तर डोळ्याला बहुधा काही दिसत नाही. दुसऱ्यात त्वरणाच्या स्पेक्ट्रममध्ये साधारण ५०० ते २००० हर्ट्झ आणि त्याच्या वर शिखरांचे झुबके उठतात, एन्व्हलपमध्ये बीपीएफओ किंवा बीपीएफआय स्पष्ट होते. तिसऱ्यात त्याच फ्रिक्वेन्सी साध्या वेगाच्या स्पेक्ट्रममध्येही पटींसह येतात, साइडबँड वाढत जातात. इथे बेअरिंग बदलायची तारीख ठरवा.

चौथ्या टप्प्याबद्दल खास सावध करतो, कारण इथे माणसं फसतात. खड्ड्यांच्या कडा घासून गुळगुळीत होतात, ठोके अनियमित होतात, आणि नेमकी शिखरं विरून स्पेक्ट्रमचा तळच वर उचलला जातो. एन्व्हलपचा आकडा चक्क खाली येऊ शकतो. कर्टोसिसचंही (ठोके किती टोकदार आहेत ते सांगणारा आकडा) तसंच: चांगल्या बेअरिंगचा ३ च्या आसपास असतो, पहिल्या खड्ड्यांनी तो चढतो आणि रेस सगळीकडे खराब झाली की परत उतरतो. गेल्या महिन्यापेक्षा आकडा कमी आला म्हणून आनंदाने फाइल बंद करण्याआधी वेगातलं २४ हर्ट्झचं शिखर आणि हाउसिंगचं तापमान पाहा. ती दोन्ही वाढत असतील तर मशीन लवकरात लवकर थांबवा.

८. बेअरिंगसारखं दिसतं, पण कारण वेगळं

*ग्रीस कमी.* एन्व्हलपचा तळ उचललेला, पण ठळक शिखर नाही. मशीन चालू असताना हिशेबाने ग्रीस द्या आणि मीटर लावून पाहा. आकडा उतरला आणि दुसऱ्या दिवशीही खालीच राहिला तर प्रश्न ग्रीसचाच होता. काही तासांत परत चढला तर रेस खराब आहे. मात्रेचा साधा नियम: बाहेरचा व्यास × रुंदी × ०.००५ = ग्रॅम, व्यास आणि रुंदी मिमीमध्ये. मोठ्या ६३०९ बेअरिंगसाठी १०० × २५ × ०.००५ = १२.५ ग्रॅम. आपल्या ग्रीस गनचे दहा स्ट्रोक कागदावर काढून वजन करा म्हणजे एक स्ट्रोक किती ग्रॅमचा ते कळेल. गनागणिक तो वेगळा असतो. जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं आणि मोटरमध्ये ते वाइंडिंगपर्यंत जातं. ‘झेडझेड’ किंवा ‘२आरएस’ लिहिलेल्या बंद बेअरिंगला बाहेरून ग्रीस द्यायचं नसतं.

*पंपातलं कॅव्हिटेशन.* तेही वरच्या फ्रिक्वेन्सीला पसरट आवाज करतं आणि एन्व्हलपचा तळ उचलतं. सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, स्ट्रेनर तुंबला नाही ना ते पाहा. शक्य असेल तर डिस्चार्ज थोडा दाबून पाहा. आवाज बदलला तर दोष पाण्याच्या बाजूचा आहे.

*व्हीएफडीचा करंट.* शाफ्टमधून बेअरिंगमधून जाणाऱ्या करंटने रेसवर सारख्या अंतराच्या आडव्या पट्ट्या पडतात. त्वरणाच्या स्पेक्ट्रममध्ये वर कुठेतरी शिखरांचा झुबका दिसतो आणि त्यांच्यातलं अंतर बीपीएफओएवढं असतं. इथे नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, तेही तसंच जाईल. शाफ्ट अर्थिंग ब्रश, इन्सुलेटेड बेअरिंग आणि मोटर-ड्राइव्हमधली केबल व अर्थिंग यांचा विचार इलेक्ट्रिकलवाल्यांसोबत बसून करा. वेल्डिंगची अर्थिंग मशीनच्या लांबच्या टोकाला लावून मधल्या बेअरिंगमधून करंट जाऊ दिला तरी असंच नुकसान होतं.

*स्टँडबाय मशीन.* शेजारचा पंप चालू, हा बंद. शेजारच्या कंपनाने बॉल एकाच जागी घासत राहतात आणि बॉलच्या अंतरावर रेसवर खाचा पडतात. पंप सुरू केल्या दिवसापासून रेसची शिखरं दिसली तर हे आठवा. उपाय स्वस्त आहे: दर आठवड्याला लॉकआउट करून शाफ्ट हाताने फिरवा, किंवा दोन्ही पंप आलटून पालटून चालवा.

*हाउसिंगमध्ये ढिलं बेअरिंग.* २४ हर्ट्झच्या बऱ्याच पटी, कधी अर्ध्या पटीही. बेअरिंग चांगलं आहे, बसायची जागा झिजली आहे. नवं बेअरिंगही त्यात तसंच डुलेल.

९. बदलायचं कधी

उरलेल्या आयुष्याचे नेमके दिवस कोणी सांगत असेल तर सावध राहा. तेच बेअरिंग लोड, गती आणि ग्रीस बदललं की वेगळ्या वेगाने झिजतं. धरता येतो तो ट्रेंड. नवं बेअरिंग बसल्यावरच्या रीडिंगच्या दुप्पट आकडा झाला की महिन्याचं रीडिंग आठवड्यावर आणा. शिखरांची पटींसकट ओळ दिसली की स्पेअर स्टोअरमध्ये आहे का, नंबर आणि क्लिअरन्स बरोबर आहे का, ते पाहा. सी३, म्हणजे आत जास्त मोकळीक असलेलं, बेअरिंग हवं तिथे साधं बसवलं तर ते गरम होऊन लवकर जातं. वेगाच्या स्पेक्ट्रममध्ये साइडबँड आले की पुढच्या ठरलेल्या बंदीत बदला. साखर कारखान्यात गळीत हंगामात मशीन मनाला येईल तेव्हा थांबवता येत नाही, पण सफाईच्या बंदीची तारीख माहीत असते. त्या तारखेपर्यंत रोज रीडिंग घ्यायचं आणि लोड कमी करता येतो का ते प्रोसेसवाल्यांशी बोलून ठेवायचं. अतिमहत्त्वाच्या एकट्या मशीनला थोडं लवकर बदलणं परवडतं, जोडीला स्टँडबाय असलेल्याला थोडी वाट पाहता येते.

१०. काढलेलं बेअरिंग कापून पाहा

काढलेलं बेअरिंग भंगारात टाकू नका. काढण्यापूर्वी आउटर रेसच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा, कारण खड्डा लोड झोनमध्ये होता की दुसरीकडे, हे त्यावरूनच कळतं. डोळ्यांना गॉगल लावून ग्राइंडरने आउटर रेस कापा, रॉकेलने धुवा, रेसवर बोट फिरवा आणि भिंगातून पाहा. एकाच जागी पापुद्रे: थकवा किंवा जास्त लोड. पट्टा रेसभोवती तिरका गेलेला: मिसअलाइनमेंट. बॉलच्या अंतरावर चकचकीत ठसे: बसवताना हातोडा मारला. करडी, मळकट, घासलेली पूर्ण रेस: धूळ किंवा पाणी. निळसर रंग: ग्रीस संपून तापलं. बिघाडाच्या खुणांचं वर्गीकरण आयएसओ १५२४३ मध्ये दिलेलं आहे, ते हाताशी ठेवा. स्पेक्ट्रमचा प्रिंट, कापलेल्या रेसचा फोटो आणि कारण असं एका पानावर लावून मशीनच्या फाइलमध्ये ठेवा.

नवं बेअरिंग शाफ्टवर बसवताना इंडक्शन हीटरवर साधारण ११० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर नेऊ नका. सील असलेलं असेल तर सीलची मर्यादा आधी पाहा. दाबून बसवायचं असेल तर जोर इनर रेसवरच द्या. मशीन चालू करून तापमान स्थिर झालं की, नेहमीच्या लोडवर, मार्कर केलेल्या त्याच जागी तिन्ही रीडिंग्ज घ्या आणि तारीख, गती, लोड, बेअरिंगची कंपनी, ग्रीसचं नाव यांसह बेसलाइन म्हणून साठवा. त्या पहिल्याच रीडिंगमध्ये ८६ किंवा १३० हर्ट्झचं शिखर पटींसह दिसलं, तर ते बसवतानाच जखमी झालेलं आहे. चालू देऊ नका, त्याच शटडाउनमध्ये पुन्हा बदलून घ्या.